रूळ बदलायचे, पण गाडी चालू ठेवून

नोव्हेंबर २०१९ मध्ये इतवारी ते नागभीड ही छोटी गाडी बंद झाली. उमरेड, भिवापूर अशी गावं जोडणारी शंभराहून अधिक किलोमीटरची ही वाट अडीच फुटी रुळांची होती. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजमध्ये तेच अंतर १,६७६ मिलिमीटर असतं. कागदावर हा फरक जेमतेम तीन फुटांचा, पण त्या तीन फुटांसाठी स्लीपर बदलतात, पूल नव्याने बांधावे लागतात, अवघड वळणं सैल करावी लागतात, फलाटांची उंची वाढते. जुने डबे आणि इंजिनं तर नव्या रुळांवर उभीही राहू शकत नाहीत. ती पाहायची तर मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जावं लागतं. नागपुरात ते २००२ पासून आहे. रेल्वेने रूळ बदलण्याच्या या कामासाठी सरळ मार्ग निवडला. गाडी बंद, काम सुरू. त्याआधी २०१५ च्या अखेरीस सावनेर-सौंसर मार्गे छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडीही अशीच थांबली होती.

गेज बदलणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. याच शहरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आणि मिहानमध्ये शेकडो तरुण इंजिनिअर ज्या कामात दिवस घालवतात, तेही याच जातीचं आहे. त्याला ते ‘फ्रेमवर्क अपग्रेड’ म्हणतात. वेबसाइट किंवा ऑनलाइन सेवा ज्या सांगाड्यावर उभी असते, तो सांगाडा जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर न्यायचा. एक अडचण मात्र रेल्वेपेक्षा मोठी. इथे गाडी थांबवता येत नाही. जन्मदाखला, मालमत्ता कर, महाविद्यालयाचा प्रवेश, बँकेचा व्यवहार, हे सगळं वरून धावत असताना खालचे रूळ बदलायचे असतात.

फ्रेमवर्क हा शब्द संगणकवाल्यांचा असला, तरी कल्पना साधी आहे. कोणतीही ऑनलाइन सेवा घ्या, तिला ठरावीक कामं करावीच लागतात. आलेला माणूस कोण हे ओळखायचं, त्याने भरलेला अर्ज तपासायचा, माहिती साठवायची, हवी तेव्हा शोधून दाखवायची, आगंतुकाला बाहेर ठेवायचं. प्रत्येकाने ही कामं पहिल्यापासून लिहीत बसणं म्हणजे घर बांधण्यासाठी आधी विटांची भट्टी लावणं. म्हणून या सामाईक कामांची तयार चौकट वापरतात. रूबी ऑन रेल्स, जँगो, स्प्रिंग, लारावेल, डॉट नेट ही त्यांतली मोठी नावं. रेल्सच्या तर नावातच रूळ आहेत. जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या दैनिकाला बातम्यांची पानं भराभर उभी करायची होती, त्या घाईतून ती चौकट घडली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. महाराष्ट्रातही असं काम झालं आहे. मुंबईत घडलेलं फ्रापे हे मुक्त फ्रेमवर्क आणि त्यावर उभी असलेली ईआरपीनेक्स्ट ही हिशेब-व्यवहाराची प्रणाली आज देशाबाहेरही वापरली जाते.

या प्रत्येक चौकटीच्या नावापुढे आकडे असतात. साधारण प्रथा अशी, की शेवटचा आकडा बदलला तर किरकोळ दुरुस्ती, मधला बदलला तर काही नव्या सोयी आणि पहिला बदलला तर सावध. पहिल्या आकड्याचा बदल म्हणजे जुन्या पद्धतीने लिहिलेलं काही तरी नव्या आवृत्तीत चालणार नाही, अशी बनवणाऱ्यांनी दिलेली आगाऊ सूचना. इथेच बहुतेकांचा हात थबकतो. चालतंय ना, मग कशाला हात लावता? हा प्रश्न नागपुरातल्या कार्यालयांत जितक्या वेळा विचारला जातो, तितक्याच वेळा तो न्यूयॉर्कमध्येही विचारला जात असेल.

त्याचं फार महागडं उत्तर २०१७ मध्ये मिळालं. अमेरिकेतली इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीचा हिशेब ठेवते. आपल्याकडे सिबिल करते तेच काम. तिच्या ग्राहकांच्या तक्रारींचं पोर्टल अपाचे स्ट्रट्स नावाच्या फ्रेमवर्कवर चालत होतं. ७ मार्च २०१७ रोजी स्ट्रट्समधलं एक गंभीर छिद्र जाहीर झालं आणि ते बुजवणारी नवी आवृत्तीही उपलब्ध झाली. दुरुस्ती फुकट होती. कंपनीत ‘४८ तासांत आवृत्ती बदला’ असा निरोपही फिरला. ते एक पोर्टल मात्र राहून गेलं. मेच्या मध्यावर चोर आत शिरले आणि जुलैच्या अखेरीपर्यंत आतच होते. जाणारी-येणारी माहिती तपासणाऱ्या यंत्राचं प्रमाणपत्र १९ महिन्यांपूर्वीच संपलेलं होतं, त्यामुळे ते यंत्र आंधळं झालेलं होतं आणि चोरी कुणाला दिसली नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती गेली. २०१९ मधल्या तडजोडीत कंपनीला किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलर मोजावे लागले; ती रक्कम सत्तर कोटींपर्यंत जाऊ शकेल अशी तरतूद होती. एवढ्या पैशांत किती इंजिनिअर किती वर्षं नुसती दुरुस्ती करत बसले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

वेब सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही जागतिक संस्था धोक्यांची यादी काढते. तिच्या २०२१ च्या यादीत ‘कालबाह्य आणि सच्छिद्र घटक’ सहाव्या क्रमांकावर आहेत. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळ सरकारी सर्व्हरवर चढवायचं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून तपासणी करून ‘सेफ टू होस्ट’ प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ही चांगली पद्धत आहे. पण प्रमाणपत्र त्या दिवसाच्या स्थितीपुरतंच खरं असतं. ज्या फ्रेमवर्कवर ते मिळालं, त्यात दुसऱ्या आठवड्यात नवं छिद्र सापडू शकतं.

आवृत्तीचा आधार, म्हणजे तिला दुरुस्त्या मिळण्याची मुदत, कधी संपणार, हे लपलेलं नसतं. जँगोची ४.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये आली आणि तिचा आधार एप्रिल २०२६ पर्यंत, हे आधीच छापलेलं होतं. डॉट नेट ८ नोव्हेंबर २०२३ चं, आधार नोव्हेंबर २०२६ पर्यंत. लारावेलच्या मोठ्या आवृत्त्यांना आता सुरक्षा-दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात. अँग्युलर या आणखी एका फ्रेमवर्कच्या पहिल्या अवताराचा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. पायथन २ या भाषेचा १ जानेवारी २०२० ला, आणि तोही पाच वर्षांची मुदतवाढ देऊन. आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतो, औषधाच्या पट्टीवरची बघतो. लाखो लोकांची माहिती ज्यावर उभी आहे त्या चौकटीवरची तारीख कोणी बघायची, हे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेलं नसतं.

मराठीत काम करणाऱ्या सेवांसाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इंग्रजी पुस्तकांत तो क्वचित सापडतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

‘नागपूर’ या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं मूल सांगेल, चार. ना, ग, पू, र. जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबात मात्र काना आणि उकार वेगळे मोजले जातात, म्हणून ती सहा चिन्हं होतात. साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा. पायथन २ मध्ये साधेपणाने लिहिलेल्या प्रोग्रॅमला या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर यायचं १८. तोच प्रश्न पायथन ३ ला विचारला तर उत्तर येतं ६. आता कल्पना करा, एखाद्या अर्जात नावासाठी साठ ‘अक्षरांची’ मर्यादा आहे आणि ती मोजण्याचं काम जुन्या पद्धतीने लिहिलं आहे. इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याला साठ अक्षरं मिळाली, मराठीत लिहिणाऱ्याला वीस चिन्हं. लांबलचक नावाच्या बाईंचं आडनाव मध्येच तुटलं. आवृत्ती बदलल्यावर मोजणी सुधारते, पण जुनी तुटलेली नावं डेटाबेसमध्ये तशीच पडून राहतात. शिवाय छापील दाखल्यावरच्या चौकटीत आता नाव मावेनासं होतं. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो, त्यामुळे फक्त इंग्रजी नावांनी चाचणी घेतली तर दोन्हीकडे उत्तर सारखंच येतं आणि सगळं ठीक आहे असा निष्कर्ष निघतो.

याहून फसवं प्रकरण डेटाबेसचं. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसची मूळ सवय पश्चिम युरोपच्या लिपीची होती. २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत ती बदलून पूर्ण युनिकोडची झाली. जुन्या काळात अनेक ठिकाणी सवयीतल्या त्या युरोपीय रकान्यांत देवनागरी बाइट ओतले गेले. ठेवणाराही त्याच चुकीने ठेवायचा आणि काढणाराही त्याच चुकीने काढायचा. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून पडद्यावर मराठी नीट दिसायचं. फ्रेमवर्क नवं आलं, त्याच्यासोबत डेटाबेसशी बोलणारा नवा दुवा आला आणि तो प्रामाणिकपणे युनिकोड मागू लागला. एका बाजूची चूक सुधारली, दुसऱ्या बाजूची राहिली आणि पडद्यावर वाचता न येणाऱ्या खुणांची रांग उमटली. माहिती नष्ट झालेली नसते, ती सोडवून घेता येते. पण घाबरून कोणी त्याच अवस्थेत ती पुन्हा ‘सेव्ह’ केली, की गुंता दुप्पट होतो.

आणि आपला ऱ. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. हा अर्धचंद्री रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्यात साध्या र ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे. म्हणून एकीकडे एका पद्धतीने नोंदवलेलं ‘गोऱ्हे’ हे आडनाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडत नाही. आणि नव्या आवृत्तीतल्या एखाद्या गाळणीने ‘अदृश्य चिन्हं संशयास्पद’ म्हणून ती काढून टाकली, तर दऱ्यांचा दर्या होतो आणि गोऱ्ह्यांच्या आडनावावर भलताच रफार चढतो. आधार कार्डावर एक नाव, दाखल्यावर दुसरं. मग ते जुळवण्यासाठी प्रतिज्ञापत्र, मुद्रांक आणि आणखी एक फेरी. नागरिकाला हे ‘अपग्रेड’मुळे झालं याचा पत्ताही लागत नाही. तो म्हणतो, ऑपरेटरने चुकीचं टाइप केलं.

नावं बिघडण्याची ही भीती खरी आहे. आवृत्ती बदलू नका म्हणणाऱ्यांकडे काही कारण नसतं, असं मुळीच नाही. पण त्यावरचा उपाय बदल टाळत राहण्यात नाही, हे जवळच्याच एका उदाहरणात दिसतं.

देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत खटल्यांची नोंद ठेवणारी ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेत घडली. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातली तारीख वकील मंडळी मोबाइलवर बघतात, ती याच व्यवस्थेतून. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की खटल्याचा प्रवास समोर येतो. ही प्रणाली मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि तिच्या पहिल्या आवृत्तीपासून तिसऱ्या आवृत्तीच्या मालिकेपर्यंत ती अनेकदा बदलली. हे शक्य झालं त्यामागे रचनेतला एक शहाणा निर्णय आहे. प्रत्येक उच्च न्यायालयाचे नियम वेगळे, भाषा वेगळ्या, खटल्यांचे प्रकार वेगळे. म्हणून प्रणालीचे दोन भाग केले. गाभा देशभर एकच आणि त्याच्याभोवतीचा परीघ प्रत्येक उच्च न्यायालयाच्या गरजेप्रमाणे. स्थानिक फेरफार परिघात करायचे, गाभ्याला हात लावायचा नाही. त्यामुळे पुण्यात गाभा सुधारला की तो नागपुरातही बसतो आणि गुवाहाटीतही.

परसोडीतल्या कोणत्याही अनुभवी इंजिनिअरला विचारा, सर्वांत अवघड अपग्रेड कोणतं? ज्यात कोणीतरी फ्रेमवर्कच्याच फायलींत हात घालून ठेवला आहे ते. मूळ चौकटीत दोन ओळी बदलल्या की साहेबांना हवा तसा अहवाल एका संध्याकाळी निघतो. त्या दोन ओळी कुठे लिहून ठेवलेल्या नसतात. लिहिणारा मुलगा वर्षभराने पुण्याला किंवा बंगळुरूला निघून जातो. पाच वर्षांनी नवी आवृत्ती चढवली की त्या ओळी पुसल्या जातात आणि अहवाल बंद पडतो. गिटहब ही सॉफ्टवेअर जगतातली बलाढ्य कंपनीही यातून सुटलेली नाही. रेल्सच्या जुन्या आवृत्तीची स्वतःची बदललेली प्रत ती कित्येक वर्षं वापरत राहिली आणि मूळ रेल्स पुढे निघून गेलं.

गिटहबने पुढे जे केलं, ते मात्र शिकण्यासारखं आहे. रेल्स ३.२ वरून ५.२ वर जायला त्यांना सुमारे दीड वर्ष लागलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते काम पूर्ण झालं. त्या काळात एकच प्रणाली दोन्ही आवृत्त्यांवर चालेल अशी तजवीज त्यांनी ठेवली. रोजचा प्रत्येक नवा बदल दोन्हीकडे तपासला जायचा. शेवटी नव्या आवृत्तीवर आधी थोडेच वापरकर्ते सोडले, गडबड दिसली की मागे घेतले, पुन्हा सोडले. सेवा थांबली नाही. आणि या दीड वर्षाच्या श्रमातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की पुन्हा इतकं मागे पडायचंच नाही. पुढे ते रेल्सच्या ताज्या प्रतीवर दर आठवड्याला जाऊ लागले. दर आठवड्याला! दीड वर्षाचं काम लहान तुकड्यांत वाटलं की ते जाणवेनासं होतं.

याच्या उलट टोकाला आहे एका रात्रीत सगळं बदलण्याची हौस. आयकर विभागाचं नवं ई-फायलिंग पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झालं. ते इन्फोसिसने बांधलं होतं. जुनं बंद, नवं सुरू. पहिल्या दिवसापासून तक्रारींचा पूर आला आणि २३ ऑगस्टला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनीचे प्रमुख सलील पारेख यांना बोलावून जाब विचारला. विवरणपत्राची मुदत त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. ते फ्रेमवर्कचं साधं अपग्रेड नव्हतं, संपूर्ण पोर्टलच नवं होतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं लहान बदल टाळत गेलं की शेवटी असाच एका मोठ्या, धोक्याच्या उडीचा दिवस उगवतो.

मग लहान बदल का होत नाहीत? तांत्रिक अडचण त्यात फार थोडी आहे. खरी गोम पैशाच्या रकान्यात आहे. नव्या पोर्टलचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. जुन्या पोर्टलची चौकट ३ वरून ४ वर गेली, याचं छायाचित्र काय काढणार? अपग्रेड नीट झालं तर पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही. ज्या कामाचं यश म्हणजे ‘काहीच घडलं नाही’, त्याच्यासाठी पैसे मागणं कोणत्याही अधिकाऱ्याला अवघड जातं. निविदेत ‘वार्षिक देखभाल’ हे शब्द असतात, पण त्यांत फ्रेमवर्कची मोठी आवृत्ती बदलणं धरलेलं आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कंत्राटदार ते धरत नाही आणि कार्यालय ते मागत नाही. दोघांच्याही सोयीचं मौन असतं. त्या मौनाची किंमत रांगेतला माणूस देतो.

नागपूर महापालिका दर उन्हाळ्यात नाग, पिली आणि पोहरा नद्यांची सफाई करते. गेल्या वर्षी केली होती म्हणून यंदा नको, असं कोणी म्हणत नाही. गाळ दरवर्षी साचतो, हे सर्वांना मान्य आहे आणि म्हणून त्यासाठी दरवर्षी यंत्रं आणि माणसं लागतात, हेही मान्य आहे. सॉफ्टवेअरमध्येही गाळ साचतो. ‘हे लवकरच बंद होणार’ अशी पूर्वसूचना देणाऱ्या ओळी लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या रोजनिशीत, रोज हजारोंनी पडत असतात आणि त्या वाचण्यासाठी कोणालाही वेळ दिलेला नसतो. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, जिल्हा परिषद, विद्यापीठ यांच्या अंदाजपत्रकांत ‘सॉफ्टवेअर आवृत्ती अद्ययावत करणे’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष हवं आणि त्याखालची रक्कम त्या वर्षी खर्च झाली का, याची विचारणा सभागृहात व्हायला हवी.

त्याच्या जोडीला करारात काही गोष्टी ठाम लिहिल्या पाहिजेत. प्रणालीचा पूर्ण सोर्स कोड कार्यालयाच्या ताब्यात असावा, नाहीतर कंत्राटदार बदलला की अपग्रेडचा मार्गच खुंटतो. निवडलेली आवृत्ती दीर्घ मुदतीच्या आधाराची असावी आणि तो आधार संपण्याच्या सहा महिने आधी पुढची आवृत्ती चढलेली असावी. कोणत्या सेवेत कोणत्या घटकाची कोणती आवृत्ती आहे, याची नोंदवही असावी. ती जगाला दाखवायची गरज नाही, दाखवूही नये. चोराला कुलपाचा नमुना कशाला द्यायचा? पण जबाबदार अधिकाऱ्याच्या टेबलावर ती हवीच. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावाच्या घटकात भयंकर छिद्र सापडलं, तेव्हा जगभरातल्या कार्यालयांचे पहिले कित्येक दिवस ‘हा घटक आपल्याकडे आहे का आणि कुठे आहे’ हे शोधण्यातच गेले. नोंदवही असेल तर दुरुस्ती लगेच सुरू करता येते.

वेळ कोणती निवडायची, हेही महत्त्वाचं. नागपूरचं स्वतःचं वेळापत्रक आहे. जून-जुलैत सेतू केंद्रांवर उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्यांसाठी विद्यार्थ्यांची झुंबड असते; त्याच सुमारास शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा हवा असतो. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन येतं आणि निम्मी कार्यालयं त्याच्या दिमतीला लागतात. मार्चअखेर कराची वसुली. म्हणजे मोकळा काळ राहतो तो संक्रांतीनंतरचे चार-पाच आठवडे आणि पावसाळा सरता सरता गणपती-नवरात्राच्या मधले काही दिवस. कंत्राटदार मुंबईचा किंवा हैदराबादचा असेल तर त्याला हे ठाऊक नसतं. ते सांगणं कार्यालयाचं काम आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणं हा नागरिकाचा कायदेशीर हक्क आहे. आवृत्तीच्या गोंधळात आठ दिवस गेले, तर तो हक्क आठ दिवस मोडला गेला, असंच म्हणावं लागेल.

खिडकीवर ऐकू येणाऱ्या ‘सर्व्हर डाउन आहे’ या वाक्यामागे दरवेळी जुनं फ्रेमवर्कच असतं असा दावा नाही. कधी वीज गेलेली असते, कधी केबल तुटलेली, कधी शेवटच्या तारखेची गर्दी. प्रत्येक नव्या आवृत्तीमागे धावावं असंही नाही. नवीन निघाल्या निघाल्या पहिल्या आठवड्यात ती चढवण्याची घाई शहाणा माणूस करत नाही. दोन-चार दुरुस्त्या येऊ देतो. कार्यालयाच्या बंद जाळ्यातली, बाहेरच्या जगाशी न जोडलेली एखादी जुनी नोंदप्रणाली आणखी काही वर्षं तशीच चालली तर आभाळ कोसळणार नाही. पण ज्या खिडकीतून हजारो लोक रोज आत हात घालतात, तिची कडी गंजू देणं वेगळं.

हे काम करणारी माणसं शहरात भरपूर आहेत. १९६० मध्ये सुरू झालेल्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीने, आणि नंतरच्या अनेक महाविद्यालयांनी इंजिनिअरांच्या पिढ्या घडवल्या. भारतीय आयटी उद्योगाला जगात ओळख मिळाली त्यात वाय-टू-केचा मोठा वाटा होता आणि ते काम तरी काय होतं? दुसऱ्यांच्या जुन्या प्रोग्रॅममधली दोन अंकी वर्षं शोधून चार अंकी करणं. परदेशी बँकांच्या, विमा कंपन्यांच्या प्रणाली एका आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीवर नेण्यात आपल्या मुलांनी उमेदीची वर्षं घालवली आहेत. हेच कौशल्य आपल्या शहराच्या सेवांना मिळावं, ही मागणी अवाजवी नाही. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दरवेळी नवं ॲप बनवायला सांगण्याऐवजी एखादं चालतं, जुनं, मुक्त सॉफ्टवेअर दोन आवृत्त्या पुढे न्यायला सांगावं. दुसऱ्याचा कोड वाचणं, चाचण्या लिहिणं, मागे फिरण्याची वाट आधी तयार ठेवणं, हे त्यातून जितकं शिकायला मिळतं तितकं कोऱ्या पानावर मिळत नाही.

आणि चाचणीसाठी एक नावांची यादी विदर्भातच बसून तयार करता येईल. गोऱ्हे, कऱ्हाडे, ज्ञानेश्वर, क्षीरसागर, काळे आणि काकडे, कृष्णराव, ॲलिस, शार्ङ्गधर. ळ वर्णमालेत ह च्या नंतर येतो की ल च्या शेजारी, हे यादी लावून बघण्यासाठी दोन-चार आडनावं. चाळीस चिन्हांपेक्षा लांब एक पूर्ण नाव, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावासकट. वर एक गाव, सिंदेवाही किंवा आर्णी. संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी नवी आवृत्ती चाचणीच्या सर्व्हरवर चढवावी, ही सगळी नावं भरावीत, साठवावीत, शोधावीत, दाखल्यावर छापून बघावीत. मग सोमवारी सेतू केंद्राच्या एकाच खिडकीला ती आवृत्ती द्यावी आणि बाकीच्या खिडक्या जुन्याच रुळांवर चालू ठेवाव्यात.